चांदणीचा उजवा डोळा

मित्रांनो, मी लिंबायत या कापड-कामगारांच्या वस्तीतली एक जुनी, पांढरी घोडी आहे. माझं नाव चांदणी. बारा वर्षं मी नवरदेव मिरवले. आधी माझ्या कपाळाला कुंकू लागायचं, मगच नवरदेव पाठीवर चढायचा. काय तो मान! दोन वर्षांपूर्वी जवळच्या पर्वत पाटिया वस्तीत एका वरातीत कुणीतरी हातातूनच रॉकेट सोडलं आणि माझा उजवा डोळा गेला. मग मला कुणी बोलावेना.

परवा माझे मालक भूपेंद्रभाई यांनी गिऱ्हाईक बोलावलं. सौदा फिसकटला, तर संध्याकाळी वीटभट्टीवाला मला नेणार होता. म्हणून त्यांनी माझं उजवं अंग भिंतीकडे करून मला उभं केलं.

आले ते दोघे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला असलेले दोस्त, खानदेशातल्या एकाच गावचे. पंडितला गावी शेतावर फेरी मारायला घोडी हवी होती. योगराज आला होता नुसता थट्टा करायला.

"भो, तू बैलगाडीतून पडतो. घोडीवर काय टिकशील?"

"तू मागून धर ना मला!"

"मी शेपटी धरीन, तुले नही!"

योगराज खदखदून हसला आणि माझे कान टवकारले गेले. अरे देवा! रॉकेट सुटण्याआधी माझ्या कानाशी हेच हसणं होतं.

तेवढ्यात त्याने पंडितची टोपी उडवली, तो माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरला आणि ती माझ्या उजव्या डोळ्यापुढे नाचवली. "पंडित्या, तुनी टोपी देखीसन घोडी डोयाबी मिचकाडत नही रे!"

मग तोच थबकला. त्याने टोपी पुन्हा हलवली, तरी माझी पापणी हलली नाही.

पंडित भडकला. "आंधळी घोडी गळ्यात मारता, भूपेंद्रभाई? चल रे योगराज."

भूपेंद्रभाईंनी मान खाली घालून रॉकेटची हकीकत सांगितली. वरात कुठली, कुणाची, तेही सांगितलं.

"विकासचं लग्न," योगराज म्हणाला. "माझ्या भावाचं. रॉकेट मीच सोडलं होतं."

माझा डोळा गेल्याचं त्याला तेव्हा कळलंच नव्हतं. वरातीत घोडीच्या तोंडाकडे कोण बघतं!

पंडित दाराकडे तोंड करून उभा होता. माझा जीव टांगणीला लागला.

"घोडी घे, भो," योगराज कसाबसा म्हणाला. "तिच्या उजव्या अंगाला मी चालीन."

पंडित दारातून मागे फिरला. मग माझा लगाम हातात धरला.

माझा राग गेला का? नाही, खोटं कशाला बोलू. मित्रांनो, वरातीत खुशाल नाचा, पण घोडीजवळ फटाके उडवू नका. डोळा भाजला तरी तिला उधळता येत नाही. पाठीवर तुमचाच नवरदेव असतो.