घोंगडीवरची घड्याळं

अजिनाथला संभाजीनगरात घड्याळांच्या दुकानात नोकरी लागली ती त्याच्या हुशारीवर नव्हे, बापाच्या मेंढरांवर. गंगापूरकडं काकासाहेबांचं रान होतं. अजिनाथचा बाप कडुबा दर साली त्या रानात मेंढरं बसवायचा. लेंड्यांचं खत रानाला, विहिरीचं पाणी मेंढरांना, असा जुना व्यवहार. त्याच काकासाहेबांनी जालना रोडला झगमगीत दुकान थाटलं आणि कडुबाच्या पोराला काउंटरवर उभं केलं. यंदा दुष्काळानं सगळा मुलूख होरपळला होता, आणि काकासाहेबांची विहीर तेवढी तग धरून होती. कडुबाची मेंढरं तिच्याच जिवावर जगत होती.

पोरगं मात्र शहरात एकटं पडलं. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून जीभ थकायची, पण मुकुंदवाडीच्या खोलीवर आल्यावर ‘जेवलास का?’ म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. बिर्याणी चारली की गल्लीतली पोरं जमायची, खांद्यावर हात टाकायची. खिसा रिकामा झाला की टोळकं पांगायचं. असतील शितं तर जमतील भुतं, दुसरं काय! पण अजिनाथला ती भुतंही हवीशी वाटली, तिथंच तो फसला.

दुकानातल्या कपाटाच्या तळाशी जुनी घड्याळं पडून असायची. त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नसे. एक त्यानं खिशात घातलं, फोटो काढून मोबाइलवर विकायला टाकलं. नाव खोटं, नंबर दुसरा. फोटोसाठी त्यानं घरून आणलेली काळी घोंगडी अंथरली. त्या काळ्या लोकरीवर घड्याळ कसं उठून दिसायचं! हातोहात विकलं गेलं. मग दुसरं, तिसरं. चोरी पचत गेली तसं भय मेलं.

घड्याळं कमी भरली तेव्हा काकासाहेबांची लेक प्रेरणा हिनं मोबाइलवर शोध घेतला आणि एक फोटो बापापुढं धरला. काकासाहेबांनी घड्याळाकडं पाहिलंच नाही. ते घोंगडीच्या कोपऱ्याकडं बघत राहिले. तिथं पांढऱ्या लोकरीनं बुजवलेलं एक भोक होतं. रानात कडुबाजवळ बसले असताना ते त्यांच्याच विडीनं पडलं होतं.

त्यांनी अजिनाथला आत बोलावलं.

“ह्या घोंगडीवर बसून म्या तुह्या आयच्या हातची भाकर खाल्ली रे.”

अजिनाथनं पाय धरले. “मालक, पोलिसात द्या, पण आबाला सांगू नका. अन् विहिरीचं पाणी तोडू नका, मेंढरं मरतील.”

“मेंढरांनी काय चोरलं? पिऊ दे त्यांना पाणी. पर बापाला सांगणार.”

पोलीस आले नाहीत. नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कडुबा खोलीच्या दारात उभा राहिला. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास होता. त्या वासानं अजिनाथचं काळीज गलबललं. बापाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण कडुबा टेकलासुद्धा नाही. सरळ पलंगाकडं गेला आणि घोंगडी उचलून घडी घालू लागला.

“आबा, मेंढरं?”

“पहाटंच हलवली. देवगाव रंगारीकडं निघाली. तुही आय हाय संगं.”

“मालक तर म्हणले, पाणी पिऊ द्या.”

“म्हणले. म्हणूनच तर तिथं ऱ्हायला तोंड नाय.”

“तिकडं पाणी हाय का?”

“नाय.”

कडुबानं घोंगडी खांद्यावर टाकली. अजिनाथनं घाईघाईनं माठातलं पाणी काढलं आणि तांब्या दोन्ही हातांनी पुढं केला. “लई ऊन हाय. पाणी तरी प्या.”

कडुबा तांब्याकडं बघत राहिला. त्याचे ओठ उन्हानं फुटले होते.

“मेंढरं पिली म्हंजी पेईन,” तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

अजिनाथ दारात उभा राहिला. गल्लीच्या टोकापर्यंत बापाच्या खांद्यावरची घोंगडी दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. पोराच्या घशाला कोरड पडली होती. पण हातातलं पाणी प्यायची हिंमत त्याला झाली नाही.