मुदस्सिर बर्फावर उतरतो

कारगिलच्या गोठलेल्या तळ्यावर आईस हॉकी शिकलेला मुदस्सिर दोह्यातल्या एका खासगी क्लबाचा पगारी खेळाडू झाला होता. बाहेर डांबर मऊ करणारं ऊन आणि आत बर्फाचं मैदान, असं त्याचं आयुष्य. क्लबची फिजिओथेरपिस्ट भैरवी कोल्हापूरची. संघात तिला सगळ्यात जास्त काळजी याचीच, कारण कितीही जोरात पडला तरी तो हसत उठायचा.

सेमीफायनलला त्याचं डोकं कडेच्या भिंतीवर आदळलं. तेव्हाही तो हसतच उठला.

दुसऱ्या दिवशी ती त्याची मान मोकळी करत होती.

"भैरवीजी, फायनल कधी आहे?" त्याने हिंदीत विचारलं.

"रविवारी."

जरा वेळाने पुन्हा, तितक्याच उत्सुकतेने, "भैरवीजी, फायनल कधी आहे?"

तिचे हात थांबले.

"आणि तो दिवा मालवा ना. डोळ्यांत घुसतोय."

दिवा तिने मघाशीच मालवला होता.

ती तडक मॅनेजर यशोधनकडे गेली. "त्याला खेळवायचं नाही. डोक्याचा स्कॅन हवा."

"अगं, परदेशी क्लबची माणसं त्याला बघायला येतायत," यशोधन म्हणाला. "एवढी मॅच होऊ दे, मग इन्शाल्ला सगळं करू."

"आणि मॅचमध्येच काही झालं तर?"

"तो स्वतः फिट म्हणतोय ना?"

तिने मुदस्सिरला गाठलं, समजावलं, शेवटी ओरडली. तो शांतपणे म्हणाला, "एकतीस वर्षांच्या खेळाडूला बघायला कुणी दुसऱ्यांदा येत नाही."

मग भैरवीने लीगच्या डॉक्टरला फोन केला. फायनलआधी त्याने मुदस्सिरला तारीख विचारली, मैदानाचं नाव विचारलं, समोरचा संघ विचारला. उत्तरं बरोबर आली. डॉक्टर वळला, तेव्हा मुदस्सिरच्या तळहातावर पेनाने लिहिलेल्या ओळी भैरवीला दिसल्या. त्याने घाईघाईने ग्लोव्ह चढवला.

"डॉक्टर, त्याचा हात बघा!" ती ओरडली. पण गर्दीच्या गोंगाटात डॉक्टरला ते ऐकू गेलं नाही. यशोधनला ऐकू गेलं. "यल्ला, यल्ला, चल लवकर," म्हणत त्याने मुदस्सिरला बर्फावर ढकललं.

मुदस्सिर आयुष्यात खेळला नव्हता असा खेळला. त्याने दोन गोल केले. परदेशी पाहुणे उठून उभे राहिले. भैरवीलाही क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं असेल.

शेवटच्या सत्रात पक, ती रबराची चकती, त्याच्या काठीला लागली. तो गर्रकन वळला आणि सुसाट निघाला. त्याच्याच संघाचा गोलकीपर गोंधळून बघत राहिला. मुदस्सिरने त्याला चकवून पक स्वतःच्या जाळ्यात मारली आणि काठी उंचावून आनंदाने ओरडला.

सगळं स्टेडियम गप्प झालं. त्या शांततेत त्याचा एकट्याचा आवाज घुमत राहिला.

भैरवी साध्या बुटांनीच बर्फावर धावली, दोनदा घसरली.

"जिंकलो ना?" त्याने विचारलं. त्याच्या एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती.

"माझा हात धर. सोडू नकोस."

कवटीखाली रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं. जीव वाचला, खेळ मात्र खलास.

कारगिलहून त्याची बायको जन्नत आली. एका दुपारी तो फायनल बघायचा हट्ट धरून बसला, म्हणून तिने मोबाइलवर लावून दिली. काठी उंचावणाऱ्या त्या खेळाडूकडे तो बराच वेळ बघत होता.

"चांगला खेळतो," तो भैरवीला म्हणाला. "पण याला बाहेर का नाही काढलं कुणी?"

जन्नतनेही तिच्याकडे पाहिलं. तिलाही उत्तर हवं होतं. भैरवी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली आणि सुरुवातीपासून सांगू लागली.