बसच्या दारातली फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. कपाटाची नाही, पलंगाची नाही, बसची.

तशी जन्माने मी कपाटाचं दारच. कपाट मोडीत निघालं तेव्हा एका सुतार आजोबांनी मला बाजूला काढलं, तासलं, घासलं. त्यांच्या नातीला पायांनी चालता येत नव्हतं. चाकांच्या खुर्चीत बसून ती अशी गरगर फिरे, की आजोबा तिला भिंगरी म्हणत. शाळा दूर, बस दारावरून जाणारी. पण थांब्याचा ओटा खाली आणि बसचं दार वीतभर वर. मध्ये फट ती वेगळीच. आजोबांनी माझ्या पाठीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे चाकं घसरू नयेत. पोटाशी एक जाड खिट्टी बसवली, म्हणजे मी ओट्याच्या कडेला घट्ट धरून राहावं.

माझे दिवस मोठे मजेचे होते. बस आली की ड्रायव्हरकाका खिडकीतून ओरडत, "फळी!" लगेच दारातली माणसं आपोआप बाजूला होत. भिंगरीची आई मला मांडायची, पायाने दाबून बघायची, पुन्हा वाकून बघायची.

"अगं आई, कालचीच फळी आहे ती," भिंगरी म्हणायची.

"असू दे. आजची कड कालची नसते," आई म्हणायची.

मग चाकं माझ्यावरून धडधडत वर जायची. सगळे माझं कौतुक करत. मलाही वाटे, आपल्याशिवाय या थांब्याचं पान हलत नाही.

एकच गोष्ट आईला कुरतडत असे. आपल्याला ताप आला तर? आपण कधी नसलोच तर? आणि भिंगरीच्या मनात तर भलतंच होतं. तिला एकटीने बसमध्ये चढायचं होतं.

त्याच सुमारास शहरात मतदान ठरलं. बसची वेगळी मार्गिका नीट करायची, सगळे थांबे बसच्या दाराइतके उंच करायचे, आणि त्यासाठी शहराने लोकांना कर्जरोखे विकून पैसा उभारायचा. हो की नाही, ते लोकांनीच सांगायचं.

"म्हणजे नेमकं काय गं?" आजोबांनी विचारलं.

"लोकांनी शहराला पैसे उसने द्यायचे, बाबा," आईने सांगितलं. "शहर दरवर्षी करातून थोडे थोडे फेडणार, वर व्याजही देणार."

थांब्यावर रोज तीच चर्चा. समोरचे चष्म्याचे दुकानदार तावातावाने म्हणाले, "कर्ज ते कर्जच, वहिनी. उद्या आपल्याच पोरांच्या डोक्यावर बसणार. आणि अडलंय कुठे? फळीने भागतंय की!"

दोघाचौघांनी माना डोलावल्या. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक मला टोचलं.

भिंगरी म्हणाली, "काका, फळीला पाय नाहीत. तिला रोज आई आणते. मी आईएवढी झाले तरी आईनेच आणायची का?"

दुकानदार खाकरले. "मी आणीन की! त्यात काय मोठंसं?"

"मग उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. बस दारात उभी, ड्रायव्हरकाकांची हाक झालेली, मागे हॉर्न वाजतायत. गडबडीत त्यांनी मला उलटी मांडली. पट्ट्या खाली, खिट्टी वर! मला कडेला धरताच येईना. पुढची चाकं चढली आणि मी सटकले. खुर्ची कलंडली. आईने झेप घालून ती छातीवर तोलली, म्हणून निभावलं.

दुकानदारांच्या चेहऱ्यावर रक्त उरलं नाही. "वहिनी, रोज असा जीव टांगणीला लागतो तुमचा?"

"रोज," आई म्हणाली. तिने मला उचललं, सुलटी केलं आणि पुन्हा मांडलं.

त्यानंतर दुकानदार थांब्यावर दुसरंच बोलू लागले. "पोरांच्या डोक्यावर बसेल म्हणालो होतो ना मी? अहो, आपल्याच पोरी चढणार आहेत त्या ओट्यावरून!" मतदान झालं, होकार आला. रोखे निघाले तेव्हा त्यांनीही घेतले.

बरेच महिने थांब्यावर धूळ, खडी आणि कुरकुर होती. मग एका सकाळी ओटा बसच्या दाराला येऊन भिडला. आई सवयीने मला काखेत घेऊन आली होती.

"आई, तू मागेच थांब हं," भिंगरी म्हणाली.

बस आली. ड्रायव्हरकाका सवयीनेच ओरडले, "फळी!" दारातली माणसं बाजूला झाली. भिंगरी सरळ आत गेली. धडधड नाही, काही नाही. बस निघाली तेव्हा आईने मला इतकं घट्ट धरलं होतं, की माझ्या पट्ट्यांचे वळ तिच्या हातावर उमटले.

आता मी भिंगरीच्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी असते. आजोबांनी खिट्टी आणि पट्ट्या काढून मला गुळगुळीत केलं. माझ्यावर ती अभ्यास करते, शाई सांडते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी फळी तुमच्याही गल्लीत असेल. तिला जपा, तिची पाठ पुसा. पण ती आहे ना, म्हणून खरं काम उद्यावर टाकू नका. आणि ती रोज कोण उचलून आणतं, तेवढं एकदा वळून बघा.