देव्हाऱ्यातला बिल्ला

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी देव नाही. मी एक जुना चांदीचा बिल्ला आहे. तुम्ही मेडल म्हणाल, म्हणा बापडे. पण शंभर वर्षं माझ्यापुढं उदबत्त्या लागल्या, नारळ फुटले आणि मी गुमान बसून ते सगळं घेतलं. न घेऊन सांगतो कुणाला? तोंड आहे पण ते राजाचं, आणि तेही भिंतीकडं वळवलेलं.

माझा जन्म कलकत्त्याच्या टांकसाळीतला. पहिलं महायुद्ध संपलं होतं आणि लढायला गेलेल्यांसाठी आमचा घाणाच निघत होता. एका अंगाला इंग्रज राजाचं तोंड, दुसऱ्या अंगाला घोड्यावरचा गडी. सगळे भाऊ सारखेच. फरक एवढाच की प्रत्येकाच्या कडेवर एका शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असायची. माझ्या कडेवर नाव आलं ते नाथाजीचं. दहिवडीकडच्या एका गावचा हा गडी. त्याला मी कधी पाहिलंच नाही. मी घडलो तेव्हा तो इराकात बसऱ्याकडं तापानं मरून, वाळूत पुरला जाऊन दोन-तीन वर्षं उलटली होती. आमच्या जातीचं सगळं मोल त्या कडेवर असतं. नुसती चांदी काय, पैंजणातही असते.

टपालानं मी त्याच्या बायकोकडं आलो. भामाबाई तिचं नाव. कडेवर पोर आणि दारात दुष्काळ. तिला अक्षरओळख नव्हती आणि गावात इंग्रजी वाचणारा औषधालाही नव्हता. तिनं मला उलटसुलट केलं आणि घोडेस्वार दिसताच कपाळाला लावलं. आमच्याकडं देव्हाऱ्यात टाक असतात, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या देवाच्या छब्या. त्यात घोड्यावरचा देव म्हटलं की पालीचा खंडोबा! माझा घोडेस्वार खरं तर साहेबाच्या मुलखातला कुणी संत, अंगावर चिंधीसुद्धा नाही बिचाऱ्याच्या. पण भामाबाईला वाटलं, मालक देवाकडं गेला आणि त्याच्या जागी देव घरी आला. सोनारानं माझी वरची कडी कापली, रंगीत फीत चुलीत गेली आणि मी देव झालो.

दर रविवारी माझ्यावर भंडारा उधळायचे. ती हळद कडेच्या अक्षरांत जाऊन बसायची. देवाच्या अंगावर मळ कसा चालेल? भामाबाई बाभळीच्या काट्यानं हळद कोरून काढायची, मग चिंच चोळायची, मग राख घेऊन नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासायची. तिच्यामागं तिची सून घासू लागली आणि तिच्यामागं नातसून रंगूबाई. रंगूबाईचा हात सगळ्यांत जड. भाकरी करपली तर चालेल, पण देव लख्ख निघाला पाहिजे असा तिचा खाक्या. मी लख्ख निघायचो आणि प्रत्येक वेळी नाथाजी थोडा कमी व्हायचा. मला ते कळत होतं, मित्रांनो. अगं बाई, हळू, असं ओरडावंसं वाटायचं. त्या मायेची मला भीती वाटायची.

गेल्या साली गावातल्या माजी सैनिकांनी ठरवलं, महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड वेशीत उभा करायचा. गावाची जुनी दप्तरं वाळवीनं केव्हाच खाल्लेली. कुणीही उठून आमचा पणजा गेला होता म्हणेल, कुणी बाजारातून बिल्ला विकत आणून दाखवेल. म्हणून दगडासाठी नेमलेल्या समितीच्या बाळासोंनी नियम केला. घरातला बिल्ला सांगलीच्या धरणेंद्रांना दाखवायचा. कडेवर जे नाव ते वाचतील तेच दगडावर जाईल. धरणेंद्र हे हळदीचे व्यापारी. पण जन्मभर नाद एकच, जुनी पदकं जमवायची आणि कुठलं पदक कुणाचं ते हुडकून काढायचं.

शेजारच्या हंबीररावांचा बिल्ला गोठ्याच्या माळ्यावर भुसकटात सापडला. तीन पिढ्या कुणी त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. तव्याच्या बुडासारखा काळाठिक्कर पडलेला. धरणेंद्रांनी भिंग लावलं आणि नंबर, नाव, पलटण घडाघडा वाचून दिली.

मग रंगूबाई निघाली. सोबत मुलगा जयराज, फौजेतून हवालदार होऊन परत आलेला. रंगूबाईच्या मनात एकच होतं. आपल्या घरच्या त्या माणसाला ना चिता मिळाली ना समाधी. वेशीत नाव लागलं की तो गावात आला. एसटीत विटा मागं पडून सांगली येईस्तोवर तिनं मला मुठीत धरलं होतं. आणि देव परगावी निघालाय म्हणून पहाटे उठून मला घासायला ती विसरली नव्हती.

धरणेंद्रांनी मला भिंगाखाली बराच वेळ फिरवलं, उजेडाकडं तिरपं धरलं, परत फिरवलं. नंबराचे पहिले दोन आकडे लागत होते आणि नावाचं शेवटचं एक अक्षर. मधली सगळी कड गुळगुळीत.

“आजी, हे घासत होता का तुम्ही?”

“व्हय तर. द्येव हाय त्यो. घासायचा न्हाई तर काय करायचं?”

धरणेंद्रांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी हळूच सांगितलं की आता हा बिल्ला कुणाचाही असू शकतो. जयराजनं खुर्ची पुढं ओढली आणि आवाज उतरवून म्हणाला, “सायेब, नाथाजी म्हणून लिवून द्या की. आमच्या घरातला हाय, आमास्नी ठावं हाय. कोन बघतंय?”

“मलाही ते खरंच वाटतंय, हवालदारसाहेब. पण जे वाचता येत नाही ते वाचलं म्हणून लिहिलं, तर उद्या हंबीररावांच्या बिल्ल्यावरच्या नावावरही कुणी विश्वास ठेवायचा नाही.”

रंगूबाईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. मग तिनं घोड्यावरच्या गड्याकडं बोट करून विचारलं, ह्यो खंडोबाच न्हवं? धरणेंद्र खोटं बोलणारे नव्हते आणि खरं सांगायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी चहा मागवला. काय कळायचं ते तिला कळलं. चहा तसाच निवून गेला.

दगड उभा राहिला. हार झाले, नारळ झाले, भाषणं झाली. हंबीररावांनी पेढे वाटले, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. रंगूबाई मला कमरेच्या पिशवीत घेऊन कडेला उभी होती. आमच्याकडच्या सुना घरातल्या थोरल्यांचं नाव तोंडानं घेत नाहीत. भामाबाईनं नवऱ्याचं घेतलं नाही, तिच्या सुनेनं सासऱ्याचं घेतलं नाही, आणि रंगूबाई सत्तरी ओलांडली तरी ‘पलटणीचं आबा’ एवढंच म्हणायची. त्या दिवशी माणसं पांगल्यावर ती दगडापाशी गेली, शेवटच्या नावाखालच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाली, “नाथाजी.” जयराज दचकून बघत राहिला. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. पण बोललेलं दगडावर उमटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात ट्रंकेत, फडताळात किंवा देवाशेजारी माझा एखादा भाऊ पडला असेल. तो काळा दिसला तर काळाच राहू द्या. राख लावू नका, चिंच लावू नका. आधी त्याची कड वाचा, वाचता आली नाही तर वाचणाऱ्याकडं न्या, आणि ते नाव घरात मोठ्यानं घेत जा. मग हवी ती पूजा करा.

मी आहे तिथंच आहे. रंगूबाईला मला टाकवलं नाही. फक्त सांगलीहून आल्यापासून ती मला घासत नाही, त्यामुळं मी हळूहळू काळा पडत चाललोय. खरं तर आता घासलं असतं तरी चाललं असतं.