मी वाकलो ते गायीमुळे नाही

मी एक जुना लाकडी फलक आहे. माझ्या अंगावर 'नदीकाठची सोपी वाट' असे लिहिले आहे आणि शेजारी एक जाडजूड बाण आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. सुताराने मला कुणाच्या तरी घराच्या मोडक्या दारातून कापून काढले. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयाने बघणे दाराच्या लाकडातच असते.

रंग वाळल्यावर मुकादमाने मला एका खांबावर ठोकले आणि नदीच्या वळणावर, अगदी काठाला उभे केले. मुकादम म्हणजे या वाटेची देखभाल करणारा माणूस. गवत कापणे, खड्डे बुजवणे, दगड बाजूला करणे, सगळे त्याच्याकडे. वाट खरोखरच सोपी होती. चढ नाही, उतार नाही, एका हाताला कुरण आणि दुसऱ्या हाताला संथ पाणी. म्हाताऱ्यांपासून लेकुरवाळ्या बायांपर्यंत सगळे इथे फिरायला येत. "किती छान वाट आहे," म्हणत. कौतुक वाटेचे व्हायचे आणि पाठ टेकायची माझ्या खांबाला. पाठीमागे कुणी स्वतःचे नाव तर कोरत नाही ना, या काळजीने मला त्यांचे बोलणेही नीट ऐकू येत नसे.

रोज येणाऱ्यांत एक आजोबा होते. अर्धांगवायूच्या झटक्यातून उठून पुन्हा चालायला शिकत होते. सून त्यांचा दंड धरून त्यांना माझ्यापर्यंत आणायची. मग ते खांबाला धरून दम खायचे.

"मला एकट्याला जमेल आता," ते म्हणायचे.

"जमेल हो बाबा, पण घाई कशाला? वाट काय पळून चाललीय?" सून म्हणायची.

कुरणापलीकडे एक दूधवाली राहायची. तिची तांबडी गाय पाण्यावर येताना माझ्या खांबाला मान घासायची. खरे सांगतो, मला ते मुळीच आवडत नसे.

एका वर्षी नदीला मोठा पूर आला. तो ओसरल्यावर मी नदीकडे कलू लागलो. मुकादमाने मला सरळ केले आणि बुंध्याशी दगड ठासले. थोड्या दिवसांनी मी पुन्हा कललो, त्याने पुन्हा सरळ केले. तिसऱ्या वेळी त्याची नजर गायीवर गेली.

"तुमची गाय खांब वाकवते," तो दूधवालीला म्हणाला.

"अहो, मान खाजवते बिचारी. खांब आहे का गवताची काडी?"

"मग कोण वाकवतं, मी?"

"मी काय पहारा द्यायला बसले होते इथं?"

"उत्तर तोंडावर तयार आहे तुमच्या. पाणी कुठंतरी मुरतंय," मुकादम म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याने दूधवालीला आणि गायीला वाटेवर पाऊल ठेवायची बंदी केली. ती बिचारी हापशावरून बादल्या वाहू लागली. मला मात्र बरे वाटले. चोर सापडला, असे मीही समजलो.

पण मी तरीही कलतच राहिलो. मग माझा संशय सगळ्यांवर गेला. फोटो काढताना मला रेलणाऱ्या जोडप्यावर गेला, वाऱ्यावर गेला, माझ्या डोक्यावर बसून मासे हेरणाऱ्या खंड्यावरसुद्धा गेला. एक दिवस सुनेने मुकादमाला विचारले, "गाय तर आता येत नाही. मग हा वाकतो कसा?"

"ती बाई डूख धरून ढकलत असणार," मुकादम म्हणाला. "थांबा, बंदोबस्तच करतो."

त्याने जाड तार आणली आणि वाटेच्या वरून ओढून मला कुरणातल्या एका झाडाला करकचून बांधले. आता मी वाकूच शकत नव्हतो. लोक म्हणाले, वा, फलक कसा ताठ उभा आहे! आणि तेव्हाच मला कळले की माझ्या पायाला माती लागत नाही. खाली गार हवा होती आणि त्याखाली पाण्याचा चुबुकचुबुक आवाज. वर हिरवे गवत जसेच्या तसे, आणि आत नदीने काठ पोखरून टाकला होता. साऱ्या जगावर संशय घेतला मी, पण त्या शांत पाण्याकडे कधी वाकड्या नजरेने बघितले नाही.

नेमके दुसऱ्या दिवशी सुनेला लवकर कामावर जायचे होते, म्हणून आजोबा एकटेच निघाले. पाय ओढत, पण मोठ्या रुबाबात येत होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला आणि त्यांनी खांबाकडे हात पुढे केला. मी फार घाबरलो. मला ओरडायचे होते, पण माझ्या तोंडी एकच वाक्य लिहिलेले आणि ते म्हणत होते, या, वाट सोपी आहे.

हापशाकडे निघालेल्या दूधवालीने कुरणातल्या त्या झाडाजवळून बघितले. तार झाडाच्या सालीत रुतली होती, म्हणजे खांब नुसता तारेला लोंबत होता. बादल्या टाकून ती धावत आली.

"आजोबा, थांबा. हात लावू नका."

"तुम्हीच ना त्या खांब वाकवणाऱ्या?" आजोबा म्हणाले आणि हट्टाने आणखी पुढे सरकले.

तिने त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना मागे खेचले. दोघे गवतात धपकन बसले. "सोडा मला, सोडा," असे आजोबा म्हणत असतानाच समोरचा काठ गवतासकट पाण्यात गेला. मी तारेला लटकत राहिलो आणि माझा बाण नदीकडे झाला.

आवाज ऐकून मुकादम पळत आला. आल्या आल्या म्हणाला, "तुम्हाला इकडे यायची बंदी आहे ना?"

मग त्याने खाली बघितले आणि तो दोन पावले मागे सरला.

दूधवाली कपडे झटकत उठली. "बंदी आहे, माहितेय मला. आता घरी जाऊन गायीला विचारते, हा काठ तिनंच पाडला का."

आजोबांनी तिचा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

पुढे वाट कुरणातून आत वळवली गेली. मलाही तिथे नव्याने उभे केले.

मित्रांनो, मुक्या वस्तूंना बोलायची एकच रीत असते, वाकायची. मी परोपरीने वाकून सांगत होतो आणि दर वेळी मला सरळ केले जात होते. तुमच्या घरात किंवा वाटेवर कुणी वाकलेले दिसले, मग ती वस्तू असो की माणूस, तर चोर शोधू नका आणि ओढून-बांधून त्याला ताठही करू नका. त्याच्या पायाखाली काय उरले आहे ते आधी बघा. आज मी ताठ आहे, रंगही नवा आहे, आणि माझ्यावर अजून 'सोपी वाट' असेच लिहिले आहे. तेवढ्यावरून माझ्यावर विश्वास ठेवू नका. खाली बसा, माती चाचपून बघा, आणि मगच मला हात लावा.