लहान भट्टी

रस्त्याच्या या बाजूला थोरल्याची बेकरी, समोर धाकट्याची. वाटण्या झाल्या तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. पण दुकानं दोन्ही चालायची. शाळा सुटली की पोरांचा लोंढा यायचा. थोरल्याने भट्टी वाढवून घेतली ती त्याच दिवसांत.

मग पोरं कमी होत गेली. रोगराई नाही, काही नाही. नुसती कमी होत गेली. शाळेचे वर्ग एकेक करून बंद पडले. गिऱ्हाईक उरलं ते म्हाताऱ्यांचं, आणि त्यांना पाव लागतो तो कितीसा. कणीक मळायला माणूस मिळेना. तरुण दिसला की त्याला चार ठिकाणांहून बोलावणं. थोरल्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि मूलबाळ नव्हतं. शेवटी मनाचा हिय्या करून त्याने धाकट्याच्या मुलीला, आपल्या एकुलत्या एका पुतणीला, गाठलं.

"माझ्याकडे येतेस? दुकान तुझ्या नावावर करतो."

"बाबाही तेच म्हणतात," ती म्हणाली. "काका, मी एकटी. दोन भट्ट्या कशा सांभाळू? तुम्ही दोघं एकत्र आलात तर राहते. नाहीतर मला काम देणारे पुष्कळ आहेत."

"मग माझी भट्टी ठेव. केवढी मोठी आहे."

"म्हणूनच नको. ती तापवून पाव काढला, तर खाणार कोण?"

थोरल्याला ते लागलं. काही दिवस तो धुसफुसत राहिला, पोरीने आपल्याला पेचात धरलं म्हणून. पण तिचं चुकलं कुठं, ते काही सापडेना. रस्ता असाच भरत जाणार असं धरून आपण भट्टी बांधली. तसा शब्द कुणी दिला नव्हता.

एका सकाळी त्याने भट्टी पेटवलीच नाही. टॉवेल खांद्यावर टाकून रस्ता ओलांडला. धाकट्याचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते. त्याने वर पाहिलं आणि जरा गडबडला.

"दादा, चहा घेतोस?"

"आधी काम सांग."

धाकट्याने सरकून फळीवर जागा केली. पुतणीने कणकेचा अर्धा गोळा तोडून काकापुढे सरकवला. दोघं एकाच फळीवर तिंबू लागले. थोरल्याचा हात जड, धाकट्याचा हलका. "तुझे पाव दगडासारखे व्हायचे," धाकटा हळूच म्हणाला. "आणि तुझे फुंकरीने उडायचे," थोरला म्हणाला. पुतणी हसली नाही; तिने दोन्ही गोळे एकत्र केले.

दुपारपर्यंत सगळा पाव संपला. समोरचं आपलं बंद दार थोरल्याला खुपलं. पण बऱ्याच वर्षांनी तो भरदुपारी आडवा झाला, आणि त्याला झोप लागली.