बिजलीबाईच्या बलिया

निशिगंधाने चष्म्यात चौदा जणांचे प्राण वाचवले होते. कॉलेजातला तो जाडजूड व्हीआर चष्मा डोळ्यांवर चढवला, की फवारणीची विषबाधा झालेला रुग्ण समोर पलंगावर यायचा. अंगात हिरवा गाऊन, नुकती आंघोळ केल्यासारखा स्वच्छ. छाती ऐका, सुई द्या, पुढचा बोलवा. सगळ्या वर्गात तिचा पहिला नंबर, आणि बाई तो तोरा मिरवायचीही.

इंटर्न म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात आली त्याच महिन्यात कपाशीची फवारणी जोरात होती. नेरकडच्या तांड्यावरून बिजलीबाईला आणलं. तोंडाला फेस, अंग घामाने निथळलेलं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. निशिगंधाचे हात लगेच चालू झाले. मोठ्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं तिने विषावरच्या ॲट्रोपिनची सुई दिली. समीक्षा सिस्टरने कपडे उतरवून साबणाने अंग धुतलं. तासाभरात छाती मोकळी झाली.

जरा हुश्श करते तोच घरघर परत सुरू. पुन्हा सुई, पुन्हा बरं, पुन्हा घरघर. चष्म्यात असं कधी झालं नव्हतं, तिथे औषध बरोबर दिलं की माणूस मुकाट बरा व्हायचा. मोठे डॉक्टर यवतमाळहून निघाले होते, पोचायला तास लागणार होता, आणि बाईजवळ तेवढा तास दिसत नव्हता. कुठे चुकलं?

"काका, औषध कसं कालवलं होतं?" निशिगंधाने बिजलीबाईच्या नवऱ्याला, हिरासिंगला विचारलं.

"ड्रमात. काडी सापडून नाही राह्यली, तं हिनं हातच घातला."

"कुठवर?"

त्याने स्वतःच्या दंडाला बोट लावलं.

बिजलीबाईच्या त्या हातावर मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बलिया होत्या, तांड्यावरच्या सवाष्णींच्या जाड बांगड्या, एकीला एक चिकटून. साबण फिरला होता तो वरून. निशिगंधाने हातमोजा घातलेलं बोट एका बलियेखाली घातलं, आणि विषाचा उग्र वास नाकात शिरला. चष्म्यातल्या एकाही बाईच्या हातात साधी काचेची बांगडी नव्हती.

"ह्या काढा लागतीन. आत्ताच."

अर्धवट शुद्धीतल्या बिजलीबाईने हात छातीशी ओढला. "नवरा मेल्यावर काढतेत. माहा जित्ता हाय."

समीक्षा सिस्टर मागे सरली. हिरासिंग पलंगाजवळ आला. प्लास्टर कापायची कात्री त्याने स्वतःच मागून घेतली.

"दुसऱ्या कोनाले हात लावू देनार नाही. मीच कापतो."

एकेक बलिया तुटताना तो दचकत होता. खालची कातडी लाल झाली होती. निशिगंधाने ती धुतली, परत धुतली, आणि बिजलीबाईच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून कान देऊन बसली. ह्या वेळी घरघर आली नाही.

दुपारी बिजलीबाईने डोळे उघडले तेव्हा हिरासिंग खाली टपरीवर चहाला गेला होता. तिने बाजूचं रिकामं स्टूल पाहिलं. मोकळ्या दंडावरून हात फिरवला. आणि असा हंबरडा फोडला की अख्खा वॉर्ड उठून बसला.

"काका हायेत वो, जित्ते हायेत!" निशिगंधा ओरडत होती, पण त्या आक्रोशापुढे ऐकतो कोण. ती तशीच जिना उतरत धावत सुटली.

"काका, ठेवा तो कप! वर चला, तिले दिसा आधी!"